अर्धी भरलेली बांधी

बेबीबाईनं पिशवीतून कागद काढला, सरकारी कचेरीतल्या धनंजय बाबूच्या टेबलावर ठेवला आणि पंख्यानं उडू नये म्हणून वर तळहात दाबून धरला. दोन वर्षं हेलपाटे घालून मिळालेला कागद होता तो. राइस मिलनं आपलं काळं, कुबट पाणी गावच्या तलावात सोडू नये, असा मनाई हुकूम. सुनावणी अजून व्हायची होती, पण हुकूम निघाल्यापासून मिलचा पाइप बंद होता.

काल मिलचा मुनीम घरी येऊन सांगून गेला, की कायदा बदलला, तुमचा कागद गेला रद्दीत, शुक्रवारी आम्ही पाइप उघडतो.

धनंजय बाबूनं कागदाकडे पाहिलंही नाही. सकाळपासून एकच गोष्ट सांगून तोही बिचारा घायकुतीला आला होता. जुना कायदा गेला, नवा आला. जुन्या तक्रारी बंद. नवा फॉर्म भरा, फोटो जोडा, मग नंबर येईल. किती दिवसांनी, असं विचारल्यावर त्यानं छताकडे पाहिलं.

बेबीबाईची अडीच एकर शेती त्याच तलावावर. ते काळं पाणी धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, शिरलं त्या साली लोंब्यांत दाणाच भरला नव्हता, आणि चिखलात उतरलेल्या बाया पाय खाजवून खाजवून हैराण झाल्या होत्या. यंदा धान पोटरीत आलं होतं. आता तलावाचं पाणी लागणारच होतं.

रडावं की भांडावं, तिला कळेना. खुर्ची कुणी देत नव्हतं, तेव्हा तिनंच एक ओढून घेतली आणि सांगायला लागली. तिचे सासरे गावचे पाणकर होते, तलावाचं पाणी पाळीपाळीनं शेतांत सोडायचं काम त्यांचं. ऐन हंगामात ते गेले. गावानं नत्थूला नेमलं. या शहाण्यानं पहिल्याच दिवशी काय करावं, तर कौशल्याच्या शेतात चालू असलेलं पाणी बंद केलं. म्हणे मी नवा, आता पाळी पहिल्या शेतापासून. जाणत्या मंडळींनी त्याला तलावावर नेऊन चांगला फैलावर घेतला.

"पाणकर बदलला म्हून अर्धी भरलेली बांधी कोनी सुकवत नाही, बाबू," बेबीबाई म्हणाली. "जुन्यानं सुरू केलेली पाळी नव्यानं पुरी कराची. मंग त्याचा कायदा. आमच्या गावाले समजते, सरकारले काहून नाही समजन?"

"मावशी, गावचं वेगळं, सरकारचं वेगळं."

"पुरं वाचलं का तुमी?"

हे बाबूला झोंबलं. कारण त्यानं वाचलं होतं फक्त पहिलं पान. जुना कायदा रद्द, एवढं दिसलं आणि गडी मोकळा झाला. आता हिचं तोंड बंद करावं म्हणून त्यानं ड्रॉवरमधून नव्या कायद्याची पुस्तिका काढली आणि तरातरा पानं उलटली. शेवटून दुसऱ्या पानावर त्याचं बोट थांबलं. त्यानं तेच तीनदा वाचलं. चेहरा पार उतरला.

मग तो तिचा कागद घेऊन आतल्या खोलीत अधिकारी मॅडमकडे गेला. परत आला आणि उभ्याउभ्याच मिलला फोन लावला. पाइप उघडायचा नाही, मनाई कायम आहे, पत्र आजच निघतंय, असं सांगितलं.

बेबीबाईला धीर आला, डोळेही भरले. पण तिला आपल्या कानांनी ऐकायचं होतं.

"काय लिवलं आहे, ते वाचा."

बाबूनं हळू आवाजात वाचलं, "जुन्या कायद्याखाली दिलेले हुकूम आणि सुरू असलेल्या तक्रारी नव्या कायद्याखाली चालू आहेत, असे मानण्यात येईल."

भिंतीलगतच्या बाकावर जुन्या तक्रारी घेऊन आलेले आणि त्यानंच सकाळपासून नवे फॉर्म देऊन बसवलेले पाच-सहा जण होते. ते एकेक करून उठले आणि टेबलापाशी येऊन उभे राहिले. बाबूनं त्यांच्याकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि पुन्हा पहिल्यापासून, आता मोठ्यानं, वाचायला घेतलं.