राक्षसाची एकादशी

गावच्या रिवाजाप्रमाणे डोंगरावरच्या राक्षसाला गाडाभर भात आणि घरातला एक माणूस खायला पोचवायचा. आमची पाळी आली ती नेमकी आषाढ वद्य एकादशीला. घरात माणूस म्हणजे हेच. पण एकादशीला काही मी भात शिजवत नाही. गाडाभर साबुदाण्याची खिचडी केली आणि यांच्याबरोबर मीही निघाले.

राक्षसाने खिचडी चाटूनपुसून संपवली आणि यांना मानगुटीला धरून उचललं.

"थांबा भावोजी," मी म्हटलं. "एकादशीचा फराळ केलात, म्हणजे उपास घडला तुम्हाला. आता मोडू नका."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. "मग उद्या खाऊ?"

"उद्या सोमवार. परवा प्रदोष. बुधवारी शिवरात्र."

"गुरुवारी अमावास्या!" तो आनंदाने ओरडला. "गटारी!"

"पण गुरुवार दत्ताचा ना. आणि शुक्रवारी तर श्रावणच लागतोय."

राक्षसाचे डोळे भरून आले. तेवढ्यात हे वर लोंबकळतच म्हणाले, "अगं, गुरुवारचा उपास रात्री सुटतो की!"

कुठे काय बोलावं, हे यांना लग्नापासून कळलेलं नाही.

"सुटतो," मी हळूच म्हटलं, "पण गोडावर."

राक्षसाने एवढा मोठा सुस्कारा सोडला की झाडं वाकली. त्याने यांना अलगद खाली ठेवलं, यांचा सदरा नीट केला आणि माझ्यापुढे हात जोडले.

"न्या यांना घरी. पण वहिनी, साबुदाणा फार जड पडतो हो. उद्या वरीचे तांदूळ कराल?"