कोपऱ्यावरचा सोनचाफा

कुऱ्हाडवाला सोनचाफ्याच्या बुंध्यावर खडूने खूण करत होता, तेवढ्यात हेप्झिबाबाई हातातल्या बादलीसकट धावत आल्या.

"अहो थांबा! हे झाड मी लावलंय."

"माहीत आहे, मॅडम," मंडळाचा गुरुदत्त अदबीने म्हणाला. "पण देवळाचा चौथरा इथेच येतोय. देव स्वयंभू आहे, हलवता येत नाही. झाड काय, दुसरं लावता येईल."

स्वयंभू म्हणे! बाईंना हसावं की रडावं कळेना. एक्याण्णव साली नवीन पनवेलच्या या कोपऱ्यावर अख्ख्या कॉलनीचा कचरा पडायचा. बाईंनी एकटीने तो उपसला, रोपं लावली. लोकांनी रोपांवरच कचरा ओतला. शेवटी शेजारच्या रमाने युक्ती काढली. घरातला तुटका वरवंटा आणला, तेलात शेंदूर कालवून फासला आणि सोनचाफ्याच्या मुळाशी ठेवून दिला. "आता टाकू दे कोणाला टाकायचं ते!" म्हणाली. दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून कचरा बंद! बाई रोज बादलीभर पाणी घालायच्या. बाई ज्यू; शनिवारी त्यांचा शब्बाथ, काम न करण्याचा दिवस, त्या दिवशी रमा घालायची. दहा वर्षांनी, यंदा झाडाला पहिल्यांदा फुलं आली होती.

रमा गर्दीत पुढेच उभी होती, नारळ घेऊन. बाई तिच्या कानाशी लागल्या.

"रमा, तू सांग ना गं यांना. मी सांगितलं तर माझ्यावरच उठतील. तुझ्या चटणीचा वरवंटा तो!"

गेल्या वर्षी रमाचा नवरा काशिराम दवाखान्यात होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा रमा रोज पहाटे इथे येऊन डोकं टेकायची. बाईंनी ते खिडकीतून पाहिलं होतं आणि काही बोलल्या नव्हत्या. काशिराम बरा झाला. आता तो पलीकडे विटा मोजून घेत होता.

"आपण दोघींनीच ठेवला ना गं तो? आठव की!"

रमाने शेंदराने जाडजूड झालेल्या त्या दगडाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"आपण कोण ठेवणार, बाई," ती म्हणाली. "तोच आला."

मग तिने फांदी वाकवून हाताला आली तेवढी फुलं खुडली, दगडावर वाहिली आणि कुऱ्हाडवाल्याला वाट करून दिली.