चौथ्या गाण्यातली खरखर

नव्या इलेक्ट्रॉनिक अल्बमबद्दल मी ब्लॉगवर लिहिलं, "चौथ्या गाण्यात मध्येच येणारी खरखर म्हणजे निव्वळ कमाल." दर वेळी माझ्या चुका काढणाऱ्या निनावी वाचकाने लगेच कळवलं, "कमाल कसली? तुमच्या रेकॉर्डवर ओरखडा आहे."

बघितलं, तर खरंच होता. पण ह्याला कसं कळलं? संशयाचा किडा वळवळू लागला. रेकॉर्ड माझ्या खोलीबाहेर गेलीच नव्हती. घरात दुसरे फक्त बाबा. मी नोकरी सोडल्यापासून त्यांनी अबोला धरलेला, आणि असल्या ढणढणाटाला तर ते नाकच मुरडतात.

जेवताना मी भिंतीकडे बघत म्हटलं, "सुई अलगद टेकवायची असते."

बाबांचा घास हातातच राहिला.

"पाचव्या गाण्याला मात्र तू उगाच नावं ठेवलीस," ते म्हणाले.