डाव्या पात्याची आतली कड

शनिवार, १४ मार्च २०२६. सकाळी आठ वाजता, सिंगापुरातील एका मॉलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, बर्फाच्या रिंकमध्ये क्षिप्राची चाचणी सुरू झाली. फिनलंडमधील एका क्लबाकडून पगारावर आइस हॉकी खेळण्याचा तिचा पहिला मोसम खांदा मोडल्यामुळे अर्ध्यावरच संपला होता. दुसरा मिळणार की नाही, हे क्लबाचे प्रशिक्षक आज ठरवणार होते. त्यासाठीच ते वाट वाकडी करून येथे उतरले होते.

उजवीकडे वळताना तिचा डावा पाय निसटला. ती पुन्हा वळली. पाय पुन्हा निसटला. पुढच्या खेपेस ती थेट कठड्यावर जाऊन आदळली.

प्रशिक्षकांनी शिट्टी वाजवून तिला पाणी प्यायला पाठवले. बाकावर बसताच तिने स्केटचे बूट काढले आणि अंगठ्याचे नख पात्यांवरून ओढले. उजव्या पात्याने नखाचा पांढरा कीस काढला. डाव्याच्या बाहेरच्या कडेनेही काढला. आतल्या कडेवरून मात्र नख नुसतेच सरकून गेले.

कठड्यापलीकडे तिचे वडील, निशिकांत, थर्मास धरून उभे होते. तिच्या स्केटची पाती ती लहान होती तेव्हापासून त्यांनीच घासलेली. रॅफल्स प्लेसच्या बँकेतून हिशेब तपासून घरी आले, की क्लेमेंटीच्या फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरचे, म्हणजे सिंगापुरात घरोघरी असणाऱ्या जाड भिंतींच्या कोठीचे, पोलादी दार आतून लावून घेत आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होणार नाही अशा बेताने धारेचे यंत्र सुरू करीत. आईने या खेळाला पहिल्या दिवसापासून विरोध केला होता. बाबांनी पहिल्या दिवसापासून धार लावली होती. बूट हाती देताना ते दर वेळी म्हणत, “जपून गं, या धारेनं दाढी होईल!” आज ते काहीच म्हणाले नव्हते, हे तिला आत्ता आठवले.

“बाबा, डाव्याची आतली कड गेलीय.”

“अगं, यंत्राचा दगड झिजला असेल.”

“ब्लफ नको करू, लाह,” ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. “दगड झिजला तर चारही कडा जातात. एकच कशी गेली?”

निशिकांतांनी थर्मासचे झाकण उघडले आणि पुन्हा लावले.

“तुझ्या खांद्यात खिळे आहेत, क्षिपू. ते एक्स-रे मी पाहिलेत.”

“आणि आज पडून दुसरा खांदा मोडला असता तर?”

“पडशील इतकी नव्हती घासली,” ते हळूच म्हणाले. “वळताना घसरशील, एवढीच. अगदी बेतानं घासली होती.”

क्षिप्रा त्यांच्या हातांकडे पाहत राहिली. नखांच्या कडेला पोलादाची काळी भुकटी अजून तशीच होती.

“आई निदान तोंडावर नको म्हणायची,” ती म्हणाली.

एव्हाना प्रशिक्षक जवळ आले होते. तिच्या हातातला बूट घेऊन त्यांनीही पात्यावर नख ओढले, आणि इंग्रजीत विचारले, “धार कोण लावतं?”

“माझे वडील.”

“बर्फावर उतरण्यापूर्वी तू पाहिली होतीस?”

“नाही. त्यांनी लावलेली धार मी कधीच पाहत नाही.”

निशिकांत कठड्यावर वाकले. “सर, चूक माझी आहे. तिची नाही.”

प्रशिक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बूट त्यांनी बाकावर, तिच्या शेजारी ठेवला.

“पगारी खेळाडू आपली धार स्वतः पाहतो,” ते तिला म्हणाले. “एक मोसम पगार घेतलास, तरी तू अजून पगारी झालेली नाहीस.”