वाणाची गाडी

"गरम मुठी पण टाका," ज्ञानबा म्हणाले.

गुरूने मान वर केली. बाहेर सोलापूर त्रेचाळीस अंशांवर शिजत होतं. हँडलच्या मुठी तापवून मिळाव्यात म्हणून कोणी वर पैसे भरेल, असं त्याला शोरूममधल्या सात वर्षांत कधी वाटलं नव्हतं. त्याने निमूटपणे फॉर्मवर खूण केली.

ज्ञानबा आणि कस्तुराबाई सकाळच्या एसटीने मंगळवेढ्याहून आले होते. हायवेत जमीन गेली होती, त्याचे पैसे आले होते. धोंड्याचा महिना चालू होता, म्हणून जावयाला वाण द्यायचं होतं. बाकीचे लोक तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन देऊन मोकळे होतात. यांच्या जावयाने मात्र लग्नातच या गाडीचं नाव घेतलं होतं. तेव्हा ऐपत नव्हती, आता आहे, एवढं कस्तुराबाईंनी सांगितलं. असे सासू-सासरे आपल्या नशिबी का नाहीत, असं गुरूच्या मनात येऊन गेलं.

गाडी तर विकली गेलीच होती. गुरूचा जीव अडकला होता सुरक्षा पॅकमध्ये. मे महिन्यात एक तरी सुरक्षा पॅक खपव, नाहीतर उद्यापासून मागं गाड्या धुवायला, असं मॅनेजरने सांगून ठेवलं होतं. आणि आज एकतीस तारीख होती.

म्हातारा-म्हातारी हात आखडत नव्हते. खास रंग घेतला. क्लच न दाबता गिअर टाकायची सोय घेतली. उभ्या जागेवरून गोळीसारखी सुटायची सोयही घेतली. ती काय, हे ज्ञानबांनी दोनदा विचारून घेतलं.

"लागणार का एवढं सगळं?" गुरूने गमतीने विचारलं.

"वाणात काय कमी दिसाय नगं," ज्ञानबा म्हणाले.

मग गुरूने सुरक्षा पॅक काढलं. त्याच्याही किमतीला ते कचरणार नाहीत, असं त्याला वाटलं होतं.

"हे नसलं तर काय हुतंय?" कस्तुराबाईंनी विचारलं.

गुरूला हेच हवं होतं. गिऱ्हाइकाला घाबरवल्याशिवाय सुरक्षा विकली जात नाही, हे तो जाणून होता. त्याने तळहाताची मोटारसायकल केली आणि काउंटरवरून पळवली. वळणावर जोरात ब्रेक दाबला की गाडी आडवी. रस्त्यावर वाळू असली की मागचं चाक पुढच्याच्याही पुढं. आणि माणूस पडला तर या पॅकमधून घरच्यांना आपोआप निरोप जातो. पॅक नसेल तर तो कुठं पडलाय हे सकाळपर्यंत कुणाला कळत नाही. हे सांगताना त्याने तळहात काउंटरवर धाडकन उलटा आपटला.

कस्तुराबाई त्या हाताकडे बघत राहिल्या.

"आन् नवीन माणसाला आदी समजतच न्हाई म्हणा की."

"अजिबात नाही, मावशी. समजेपर्यंत खेळ खलास."

ज्ञानबांनी घसा खाकरला. "वरनं बघून कळतंय का, गाडीत हे न्हाई ते?"

"वरून नाही कळत. सगळं आतलं काम."

"मग ऱ्हाऊ द्या."

गुरूने कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. दिसतं त्यालाच पैसे मोजायचे, ही खेड्यातली हौस त्याला नवी नव्हती. त्याने सवलत देऊ केली. मग पॅकच्या बरोबर हेल्मेट फुकट देऊ केलं. ज्ञानबांनी हेल्मेटही नको म्हटलं. मागच्या अंगणातून पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता, आणि तो गुरूला आता फारच जवळून ऐकू येऊ लागला.

त्याच्याकडे हुकमाचा एकच पत्ता उरला होता. तो आया-बायांपुढे कधी वाया जात नसे. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"मावशी, जावयाचं सोडा. पण मागच्या सीटवर तुमची लेक बसणार. तिच्यासाठी तरी घ्या."

कस्तुराबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग पदराने चेहऱ्यावरचा घाम टिपला.

"ती कशी बसंल, बाबा?" त्या म्हणाल्या. "ही गाडी दिली न्हाई म्हणून तर त्यानं तिला हिरीत ढकलली की."