शपथेचा हात

डेट्रॉइटच्या कोर्टात त्या सकाळी आम्ही सगळे अमेरिकेचे नागरिक व्हायला उभे होतो. शपथेसाठी उजवा हात वर करायला सांगितलं, तर शेजारच्या जपानी मुलीने तो बाजूला पसरला, थेट माझ्या नाकासमोर. बोटं अलगद वाकवलेली, आता कुणीतरी ती धरणार असल्यासारखी. कारकुनाने खुणावलं तेव्हा कुठे तिने हात वर घेतला.

शपथ झाल्यावर ती ओशाळून म्हणाली, "माफ करा हं, मावशी. सवयीने झालं. मी बर्फावर जोडीने नाचते. हा हात कायम कोल्बीच्या हातात असतो."

"नवरा का?"

"छे, नाचापुरता जोडीदार. तो इथला, मी जपानची. ऑलिम्पिकला जायचं तर दोघं एकाच देशाचे लागतात. म्हणून मी इकडची झाले."

"आणि जपान?"

"जपान दोन्ही ठेवू देत नाही. अर्ज केला तेव्हापासून बाबा माझा फोन घेत नाहीत."

मी मागच्या बाकांकडे पाहिलं. प्रत्येकाचं कुणी ना कुणी फुलं घेऊन आलं होतं. माझ्या घरचे तर फुगेसुद्धा घेऊन आले होते.

"मग आजच्या दिवशी कुठे उलथलाय हा तुझा कोल्बी?"

तिने हातातला छोटा झेंडा उगाचच सरळ केला.

"बुडापेस्टला. तिथे त्याला नवी जोडीदार मिळाली. मागच्या आठवड्यात तो हंगेरीचा झाला."