पाक चुकलेले ट्रफल्स

मृण्मयीला मागणी घालायला मी तिच्या घरी स्वतः वळलेले चॉकलेट ट्रफल्स घेऊन गेलो. तिच्या आईंनी डबा उघडला, एक गोळा बोटानं दाबून बघितला आणि त्या हळहळल्या, "पाक चुकला का रे?"

"काकू, ते मऊच असतात. चॉकलेट आहे."

"असू दे, होतं असं पहिल्यांदा." काकूंनी सगळे गोळे मोडले, भाजलेला रवा घालून पुन्हा वळले आणि प्रत्येकावर एक बेदाणा दाबून बसवला.

तिच्या वडिलांनी एक खाल्ला. त्यांनी गंभीरपणे दुसरा उचलला. "एवढं चुकलं, तरी पोरगा कबूल करत नाही."

काकूंनी सुस्कारा टाकला. "म्हणजे तुमच्यासारखाच. मुहूर्त काढा, आम्हाला सवय आहे."